वाडी, देऊळ आणि घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे एक केळीबागायतदार वयाच्या ८४व्या वर्षी वारले. ते कोणत्याही पदावर नव्हते, त्यामुळे त्यांच्या निधनाची बातमी कोठे छापून आली नाही. वसईच्या ख्रिस्ती माणसाची आठवण आपल्या वृत्तपत्रांना बहुधा नाताळच्या आठवड्यात होते आणि तीही केक व रोषणाईपुरतीच, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. त्यांचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. आदल्या संध्याकाळी बांधून ठेवलेल्या केळीच्या आणि भाजीच्या टोपल्या विरार स्थानकात नेऊन ते पहिल्या लोकलच्या मालडब्यात चढत, दादरला माल विकून दहा-साडेदहापर्यंत परत येत आणि दोन घास खाऊन पुन्हा वाडीत जात. पंप येण्याआधी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी त्यांचा रहाट चाले आणि त्याची कुरकुर आमच्या घरापर्यंत ऐकू येई. वाडीतील निम्मे काम त्यांच्या पत्नीचे होते, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण काका स्वतः ते नेहमी सांगत.

त्यांच्या हातची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना त्यामागचे कष्ट क्वचितच ठाऊक असतील. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात पसरायची आणि दव पडण्याआधी आत घ्यायची. असे आठवडाभर केल्यावर त्यांना मधासारखा रंग येतो. त्यात साखरेचा कणही नसतो. मग केळीच्याच सुक्या पानात ती घट्ट बांधली जातात. मांडवावर सुकेळी असताना काका लग्नाला गेले, तरी आभाळ भरून आले की जेवणाच्या पंगतीतून उठून येत.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. आमच्याकडची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात, आणि काकांच्या तोंडी शेवटपर्यंत तोच शब्द होता. कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी मराठीत उपासना होऊ लागली तेव्हा ते पंचविशीत होते. आजवर जे नुसते कानावर पडत होते ते आता समजू लागले, याचा त्यांना झालेला आनंद पुढे कित्येक वर्षे त्यांच्या बोलण्यात येई. पुढे त्यांच्याकडे अधूनमधून बायबलच्या वाचनाचे काम येऊ लागले. शिक्षण चौथीपर्यंतच झालेले, आणि मी मराठीचा शिक्षक. त्यामुळे शनिवारी रात्री ते पुस्तक घेऊन माझ्याकडे येत. "गुरुजी, हा शब्द कुठे तोडायचा?" असे विचारून ‘अभिषिक्त’, ‘सामर्थ्य’ असे शब्द चार-चार वेळा म्हणून पाहत. केळीच्या चिकाचे काळपट डाग त्यांच्या अंगठ्यावरून कधीच गेले नाहीत, आणि त्या पुस्तकाच्या पानांच्या कोपऱ्यांवरही त्या अंगठ्याचे ठसे उमटले होते. आमची दैवते निराळी, सण निराळे, पण दुसऱ्या दिवशी वाचन नीट झाले की नाही याची काळजी मलाही लागून राहत असे.

संध्याकाळी ओटीवर सारे कुटुंब गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना करी. दिवसभर अंग मोडून काम केलेला हा माणूस मध्येच पेंगायचा आणि धाकटी मुलगी त्यांना कोपराने हलवून जागे करायची. तिन्ही मुलींना त्यांनी मुलाइतकेच शिकवले. थोरली परिचारिका झाली, तेव्हा तिच्या फीसाठी त्यांनी बैलजोडी विकली होती. ही गोष्ट मुलीला लग्नानंतर समजली.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी इथली हिरवाई वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभारली तेव्हा काका सभांना जाऊन शेवटच्या रांगेत बसत. भाषण त्यांनी कधी केले नाही. पण विहिरींचे पाणी टँकरने उपसले गेले की खाली खारे पाणी शिरते, हे ते आम्हाला आपल्या विहिरीचे पाणी चाखायला देऊन समजावत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. त्यानंतर वाडी विकण्यासाठी देऊ केलेली मोठी रक्कम त्यांनी दोनदा नाकारली. मुलगा बँकेत नोकरीला असल्याने पुढे वाडी कोण कसणार, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता असे नाही. तो त्यांना फार छळत असे, आणि त्याचे उत्तर न मिळताच ते गेले, याचे मला मनापासून दुःख आहे.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की अशा माणसांविषयी त्यांच्या हयातीतच लिहिले जावे. आमच्या परिसरात सुकेळी करणारी मोजकीच घरे उरली आहेत. आपल्या बातमीदाराला मी स्वतः त्या घरी घेऊन जाईन. काकांच्या पत्नी आजही मांडव घालतात. ऊन चांगले असताना, पावसाळ्याच्या आत यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
आगाशी, ता. वसई, जि. पालघर