स्वागताच्या दिवशी सत्कार कमी, उत्तरे अधिक हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीनंतरचे प्रवेश आटोपत आले की विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचे कार्यक्रम सुरू होतात. कुठे त्याला ‘दीक्षारंभ’ म्हणतात, कुठे ‘ओरिएंटेशन’. माझ्या मुलीला यंदा एका विद्यापीठात विज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि अशा कार्यक्रमाला तिच्यासोबत मीही गेलो होतो. हा दिवस नव्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवला पाहिजे, असे तेथील अनुभवावरून मला तीव्रतेने वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सभागृह मुलांनी आणि पालकांनी भरले होते. अनेक जण रात्रीच्या एसटीने प्रवास करून आले होते. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात बराच वेळ गेला. त्यानंतर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय आणि भाषणे झाली, आणि भाषणांत विद्यापीठाला मिळालेल्या मानांकनांची माहितीच अधिक होती. अभ्यासक्रमाची रचना शेवटी घाईघाईने, इंग्रजी स्लाइडवर दाखवण्यात आली. प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेला वेळ आभारप्रदर्शनात संपला, आणि सुट्टीचा दिवस असल्याने ग्रंथालयही बंद होते. आयोजकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांनी जेवणाची आणि पाण्याची व्यवस्था आपुलकीने केली होती. परंतु ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम होता, ती मुले दिवसभर केवळ श्रोते होऊन बसली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. नव्या विद्यार्थ्याने इतरांमध्ये मिसळावे, शिक्षकांशी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांशी त्याचे नाते जुळावे, संस्थेचे नियम त्याला समजावेत आणि विषयाचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, हा तिचा गाभा आहे. अभियांत्रिकीसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तर तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखून दिला आहे. त्यात व्यायाम, कला, मूल्यशिक्षण, परिसरभेट, विभागाची ओळख असे बरेच काही आहे आणि मान्यवरांची व्याख्याने हा त्यातील केवळ एक घटक आहे. अनेक ठिकाणी नेमका तेवढाच घटक उरला आहे, असे अन्य पालकांशी बोलताना जाणवले.

हे नुकसान किरकोळ नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची घडण मुळापासून बदलली असून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली आहे. मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, कौशल्यावर आधारित विषय, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण हे शब्द आमच्या पिढीने विद्यार्थी असताना ऐकलेही नव्हते. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे श्रेयांक, असतात. एका क्रेडिटसाठी साधारण १५ तासांचे वर्गाध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक धरले जाते. हे क्रेडिट ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात आणि त्यासाठी विद्यार्थ्याला स्वतंत्र ओळख क्रमांक काढावा लागतो. तीन वर्षांनंतर पदवी मिळते, चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स. मात्र चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. याचा अर्थ पहिल्या सत्रातील ढिलाईचा हिशेब चौथ्या वर्षी द्यावा लागतो. हे मुलांना पहिल्याच दिवशी, मोकळेपणाने आणि उदाहरणांसह सांगायला हवे. मायनर विषय कधी निवडायचा, तो पुढे बदलता येतो का, त्या विषयाचे शिक्षक विभागात आहेत का, असे प्रश्न माझ्या मुलीने वहीत लिहून आणले होते. ती वही तिने तशीच परत आणली.

याच रचनेतील आणखी एका तरतुदीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबले, तर ठरलेले क्रेडिट आणि अधिकचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेऊन एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करता येते. घरातील आजारपण, कर्ज किंवा लग्न यांमुळे ज्या मुलींचे शिक्षण मध्येच थांबते, त्यांच्यासाठी परतीची वाट खुली असल्याची ही माहिती फार मोलाची आहे. आमच्या तालुक्यात अशा मुली पुष्कळ आहेत. व्यासपीठावरून या तरतुदीविषयी एक वाक्यही कानावर आले नाही.

पैशांच्या बाबतीतही पालक अंधारात राहतात. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ही सवलत सर्वच अभ्यासक्रमांना आहे, असे समजून आलेले कितीतरी पालक मला तेथे भेटले. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज कोणत्या कागदपत्रांमुळे अडतो, आधारशी जोडलेले बँक खाते का लागते, वसतिगृह न मिळाल्यास डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा लाभ कोणाला मिळू शकतो, ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव कोठे नोंदवायचे, हे सांगणारा एक जाणता लिपिक सभागृहाच्या दारात टेबल मांडून बसला असता, तरी शेकडो घरांचे हेलपाटे वाचले असते.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांकडूनही भरून घेतले जाते. परंतु तक्रार कोठे करायची, १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, आणि आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाचा लोकपाल असतो, हे क्वचितच सांगितले जाते. घर सोडून प्रथमच दूर राहणाऱ्या मुलांना ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही ठाऊक असायला हवा.

दिवसभरात एकच गोष्ट मनापासून आवडली. कार्यक्रमानंतर वरच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आम्हा काही जणांना स्वतःहून प्रयोगशाळेत नेले. कोणत्या पेपरला मुले अडखळतात, एटीकेटी म्हणजे नेमके काय, पहिल्या महिन्यात वसतिगृहात कसे वाटते, हे तिने अगदी सोप्या मराठीत सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, सभागृहात गप्प बसलेली मुले तिच्याभोवती गोळा झाली आणि प्रथमच बोलू लागली. तिला कोणी बोलावले नव्हते. अशा विद्यार्थ्यांना विभागाने रीतसर बोलावून, त्यांच्या श्रमांचे मानधन देऊन हे काम सोपवणे कठीण नाही.

म्हणून राज्यातील सर्व विद्यापीठांच्या कुलगुरूंना माझी नम्र विनंती आहे की, हा कार्यक्रम शुल्क परताव्याच्या अंतिम मुदतीपूर्वी आणि विषय निवडण्यापूर्वी घ्यावा. परिसर प्रत्यक्ष पाहून आणि नियम समजून घेऊन एखाद्याला निर्णय बदलायचा असेल, तर त्याचे पैसे अडकू नयेत. उद्घाटन अर्ध्या तासात आटोपावे. उरलेल्या दिवसात विभाग, ग्रंथालय, वसतिगृह आणि परीक्षा विभाग खुले ठेवून तेथील माणसांना उत्तरे देण्यासाठी बसवावे. माहितीपत्रक मराठीतही द्यावे आणि ते संकेतस्थळावर आधीच ठेवावे, म्हणजे ज्या पालकांना रोजंदारी बुडवून येणे शक्य नाही, त्यांनाही ते वाचता येईल. यंदाचे उशिरा होणारे प्रवेश अद्याप बाकी आहेत. निदान त्या विद्यार्थ्यांसाठी तरी या महिन्यात अशी एक बैठक घ्यावी.

आपला विश्वासू,
एक पालक, जि. धाराशिव