चि. चिऊस, पार्कात जाण्याआधी

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर ती २४ फुटी आरव्ही दाखवलीस, तेव्हापासून तुझी आई येईल त्याला सांगतेय, लेकीने चाकांवरचं घर भाड्याने घेतलंय आणि चालवणार तीच. मीही मिरजेच्या काकांना सांगितलं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बिग बेंड नॅशनल पार्कचा चारशे मैलांवरचा पल्ला गाठण्याआधी ऑस्टिनमधल्याच मॅकिन्नी फॉल्स स्टेट पार्कात दोन रात्री राहून बघायचं, हा तुझा बेत मला मनापासून पटला. काही विसरलं, बिघडलं तर घर हाकेच्या अंतरावर. आमच्या एसटी डेपोतसुद्धा नव्या ड्रायव्हरला आधी जवळच्या फेऱ्या देत, आंबा घाट नंतर.

गाडी मागे घेताना जावईबापूंना मागे उभं कर. ते आरशात दिसेनासे झाले की गाडी जागेवर थांबव, अंदाजाने एक वीतही मागे घेऊ नकोस. मी आयुष्यभर कंडक्टरच्या शिट्टीवर एसटी मागे घेतली, त्यात कमीपणा नाही. उजवीकडे वळताना मागचं टोक डावीकडे फेकलं जातं, तिकडे झाड किंवा खांब नाही ना ते बघ. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटव. पेट्रोल पंपाचं छत आणि झाडाच्या फांद्या कुणाची ओळख ठेवत नाहीत.

जागा मात्र पार्कातल्या ओढ्यापासून, त्या ओनियन क्रीकपासून, लांबची घे. नंबर निवडता आला तर चढावरचा निवड.

पुराचं लिहायचं नाही असं आईला कबूल केलं होतं, म्हणून आधी बाकीचं लिहितो. गाडी समतल झाली की आधी चाकांना ठोकळे लाव. विजेच्या खांबावरचं बटण बंद करून मगच प्लग जोड. तीस अँपिअरची लाइन असेल तर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालवू नका. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेव. संडासाच्या टाकीचा कॉक मुक्काम संपेपर्यंत बंदच असू दे. निघताना आधी ती टाकी रिकामी करायची आणि मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे सगळं तिथे एकदा हाताखालून गेलं की बिग बेंडला अंधारात पोचलात तरी अडणार नाही.

आता ओनियन क्रीक. तू म्हणालीस, "आप्पा, घोटाभर पाणी आहे, पिल्लू खेळेल." खेळू दे. पण ३१ ऑक्टोबर २०१३ ला पहाटे त्याच ओढ्याचं पाणी ४१ फुटांवर गेलं होतं आणि २०१५ च्या ऑक्टोबरात पुन्हा पूर आला. तुम्हीही ऑक्टोबरातच चाललाय. २०२५ च्या ४ जुलैला टेक्सासमधलीच ग्वाडालूप नदी पाऊण तासात २६ फूट चढली, तीही पहाटेच, आणि काठावरच्या आरव्ही माणसांसकट वाहून गेल्या.

तुला घाबरवायचं नाही. तू कृष्णेकाठची, पुराला भिणारी नाहीस, आणि मला भीती नेमकी त्याचीच वाटते. आपलं पाणी सांगून येतं. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर गेलं, पण त्याला दिवस लागले. तुझी आई जिन्यात बसून पायऱ्या मोजत होती. एक पायरी बुडाली की तांदळाचं एक पोतं वर. नानीचं शिलाई मशीन आम्ही दोघांनी रात्री माळ्यावर चढवलं आणि तरी चहा करायला वेळ होता. तू तिकडून फोनवर रडत होतीस. तुझ्या मनात पूर म्हणजे असा, आवराआवर करू देणारा. टेक्सासच्या त्या खडकाळ जमिनीत पाणी मुरत नाही. वर कुठे कोसळलं की तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही ओढा फुगतो. तिथे पायऱ्या मोजायला सवड नाही.

म्हणून फोनवरचे इशारे रात्री बंद करायचे नाहीत. हवामान खात्याचा बॅटरीवरचा रेडिओ विकत घे, बिग बेंडलाही लागेल, तिथे फोनला रेंजचा भरवसा नाही. इशारा आला तर वायर, पाइप, खुर्च्या, गाडीसुद्धा सोडायची आणि पिल्लूला उचलून चढावर चालत जायचं. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालायची नाही. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलतं.

फार उपदेश झाला, राग मानू नकोस. तू चौथीत असताना माझ्या मांडीवर बसून डेपोच्या आवारात स्टिअरिंग धरायचीस आणि "आप्पा, सोडा ना हात" म्हणायचीस. मी सोडत नव्हतो.

आईने मेतकूट आणि भाजणी पाठवलीय, तिथल्या गॅसवर थालीपीठ मंद आचेवर लाव आणि वरची खिडकी उघडी ठेव. जागेचा नंबर ठरला की कळव, मी नकाशावर ओढ्यापासूनचं अंतर बघतो. इकडे मध्यरात्र असली तरी पोचल्यावर फोन कर.

तुझा,
आप्पा