जिना पुसतानाचा तो फोटो

स्टुटगार्ट,
रविवार, 11 मे 2025

तीर्थरूप अप्पा आणि आईस,
माईचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते, आणि इकडची थंडी आता गेली. हे आधी लिहिलं म्हणजे आई पुढचं नीट ऐकेल. पत्र भैय्याच्या मोबाईलवर पाठवते आहे. त्यानं ते सावद्यातून छापून आणावं आणि तुम्ही दोघं सोबत बसलेले असताना वाचून दाखवावं. फोनवर हे सांगायचं मी तीनदा ठरवलं. पण आई "जेवली का?" विचारते, अप्पा "बाकी ठीक ना?" म्हणून लगेच फोन आईकडे देतात, आणि माझ्या तोंडून "ठीक" एवढंच निघतं.

आधी त्या फोटोबद्दल. मार्चमध्ये घरच्या ग्रुपवर मी बादली आणि पोछा हातात घेतलेला फोटो टाकला होता. त्यावर मोठ्या काकूनं विचारलं, "नोकरी गेली का हिची?" आणि आई फोनवर म्हणाली, "काय व माय, एवढं शिकून तिकडं जिने पुसते का?"

आई, इथे जिना सगळेच पुसतात. या भागात केअरवोखे नावाची पद्धत आहे, म्हणजे झाडायचा आठवडा. आमच्या इमारतीत आठ घरं आहेत. एक लहानशी पाटी एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरत असते. ती आपल्या दाराला लागली की त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, कठडासुद्धा पुसायचा. हे झालं छोटं केअरवोखे. मोठ्याची पाळी वेगळी असते. त्यात तळघराची वाट, अंगण आणि इमारतीसमोरचा फुटपाथ येतो, आणि हिवाळ्यात बर्फही हटवावा लागतो. बहुतेक जण हे शनिवारी करतात, कारण रविवारी आवाज केलेला इथे कुणाला चालत नाही. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. जिना स्वच्छच असला तरी पुसायचा. सुरुवातीला मी एकदा उलटं केलं, घाण नाही म्हणून पुसलाच नाही आणि पाटी पुढे सरकवली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवून पाटी पुन्हा माझ्या हातात दिली. मला फार लागलं ते. मग पुढच्या खेपेला मी जिना पुसत होते, तर त्या स्वतःच्या दारात उभ्या राहून कुठला साबण चांगला ते सांगत होत्या. डॉक्टर असो की बसचा ड्रायव्हर, पाळी कुणाला चुकत नाही. तू सकाळी उठून अंगणात सडा टाकतेस, तसंच समज. पगाराशी त्याचा काही संबंध नाही.

पण काकूचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी ग्रुपवर "नाही" लिहिलं, ते खोटं होतं. 31 डिसेंबरला माझी नोकरी गेली.

माझ्या कामात काही चूक झाली म्हणून नाही गेली. कंपनीनं आमचा अख्खा विभागच बंद केला, पंधरा-पंधरा वर्षं काम केलेले लोकही बाहेर पडले. अप्पांना लगेच व्हिसाची काळजी वाटेल. ती करू नका. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळतो त्या नोकरीच्या व्हिसावर, 21 महिने भरले आणि जर्मन भाषेची बी-वन म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास असली की इथे कायमचं राहायचा परवाना मिळतो. तो मी गेल्या वर्षीच घेऊन ठेवला होता, तेव्हा मला इथून कुणी जा म्हणणार नाही. चार महिने बेकारी भत्ता मिळाला, हातात यायच्या पगाराच्या 60 टक्के. तो कुणी उपकार म्हणून देत नाही, पगारातून दर महिन्याला त्याचा हप्ता कापला जातच होता. तुम्हाला दर महिन्याला यायचे ते 40 हजार चुकले का? नाही ना. म्हणजे मी उपाशी नव्हते.

आता नवीन. मी परत नोकरी धरली नाही, करारावर काम घेतलं. इंजिनिअरला इथे वकील-डॉक्टरांसारखं स्वतंत्र व्यावसायिक मानतात, धंद्याचं लायसन काढावं लागत नाही. कर कार्यालयाचा लांबलचक फॉर्म ऑनलाईन भरला, काही आठवड्यांनी पत्रानं नंबर आला आणि मी बिल फाडायला मोकळी झाले. अवघड होतं ते काम मिळवणं. जानेवारीपासून तीसेक ठिकाणी माहिती पाठवली. मधले लोक असतात, ते कंपनीला माणूस मिळवून देतात आणि तासाच्या दरातून आपला हिस्सा ठेवतात. एकानं तोंडी सगळं पक्कं केलं, तारीखसुद्धा सांगितली, आणि पुन्हा फोनच उचलला नाही. तो आठवडा वाईट गेला. नेमका तेव्हा आखाजीचा सण होता. तुम्ही झोक्याचा व्हिडिओ पाठवलात आणि मी "मीटिंगमध्ये आहे" लिहिलं. मीटिंग नव्हती.

शेवटी काम आलं ते ओळखीतून. आमच्या विभागातली एक बाई दुसरीकडे लागली होती, तिनं माझं नाव सुचवलं. माझं जर्मनमधलं पत्र दुरुस्त केलं ते खालच्या आजींनी, त्याच पाटीवाल्या. 5 मेपासून काम सुरू झालं. बॅटरीच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर तपासायचं, माझंच जुनं काम. करार ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे.

माझा दर तासाला 72 युरो आहे. हे ऐकून मामा गावभर आकडा सांगतील. त्यांना सांगू देऊ नका. अप्पा, रावेरला केळीचा भाव वाढला म्हणून ते सगळे पैसे आपले होत नाहीत, तसंच आहे हे. खत, मजुरी, ठिबक आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज वजा केल्यावर काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. इथे नोकरीत आरोग्य विम्याचा अर्धा भार कंपनी उचलायची, आता सगळा माझ्यावर, आणि कमाई चांगली असली की तो महिन्याला 1,000 युरोंच्या वर जातो. बिलावर 19 टक्के कर लावायचा, पण तो सरकारचा, आपल्या जीएसटीसारखा. आयकराचे आगाऊ हप्ते मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या 10 तारखेला. आजारी पडलं की त्या दिवसाचं बिल नाही. शिवाय एकाच कंपनीत वर्षानुवर्षं त्यांच्या नोकरासारखं बसलं तर सरकार म्हणतं, ही स्वतंत्र नाही, ही छुपी नोकरी आहे. म्हणून लॅपटॉप मी स्वतःचा घेतला आणि दुसरं छोटं काम शोधायला आत्ताच लागले आहे. सगळा हिशेब वहीत लिहिते, तुमच्या केळीच्या वहीसारखा, डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. यातूनही पूर्वीपेक्षा थोडं जास्तच उरेल असं दिसतं. मधले रिकामे महिने धरूनच सांगते आहे.

आता पैशांचं. पहिलं बिल मेअखेरीला जाईल, त्याचे पैसे येणार 30 दिवसांनी. म्हणून जूनचे 40 हजार येणार नाहीत, जुलैपासून पुन्हा सुरू होतील. सोसायटीच्या हप्त्याचे मी वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. मागच्या चार महिन्यांचे माझ्या शिलकीतून गेले, ते परत द्यायचा विषय काढू नका. आणि परवाच्या वाऱ्यात खरंच "थोडीच" झाडं पडली का? मी खरं सांगितलं, आता तुम्हीही आकडा सांगा.

लग्नाचं. माझ्या बायोडाटात "जर्मनीत पर्मनंट नोकरी" लिहिलंय, ते आजच बदला. चोपड्याच्या मुलाला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, घरी विचारून कळवतो. आठ दिवस झाले, कळवलेलं नाही. आई, रडू नकोस. लग्न झाल्यावर त्यांना कळलं असतं तर तुम्हालाच मान खाली घालावी लागली असती.

पण माझ्यासाठी भैय्याचं अडवू नका. यावलची मुलगी चांगली आहे, त्याला पसंत आहे, आणि "मोठीचं आधी" म्हणून तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा थांबवलं हे मला काकूच्या बोलण्यातून कळलं. भैय्या मला हे कधीच बोलला नाही. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरा. तेव्हा माझा करार संपलेला असेल, मी महिनाभर येते. कुणाकडे रजा मागायची नाही. खापरावरचे मांडे मी आल्यावरच करा.

ग्रुपवर कुणी काही लिहू नका. मी "नाही" लिहिलं होतं ते मीच दुरुस्त करते. काकूला आधी फोन करते, मग लिहिते.

तुमची,
माई

ता. क. कळण्याचं पीठ संपलं म्हणून कुरियर करू नका, फार पैसे घेतात. भुसावळची एक मुलगी जूनमध्ये इकडे येते आहे, तिच्याजवळ दोन किलो द्या. भैय्यानं स्टेशनवर नेऊन द्यावं, अप्पांनी उन्हात जाऊ नये.