समासात ‘कशावरून?’ असे लिहिणाऱ्या माझ्या मार्गदर्शिकेस

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचे एक पान असते. त्या पानावर मी आपले नाव लिहिले, ‘बहुमोल मार्गदर्शन लाभले’ असेही लिहिले. पण बांधलेली प्रत हातात आल्यावर ते पान पुन्हा वाचले, तेव्हा आपण माझ्यासाठी नेमके काय केले याचा त्यात मागमूसही नाही हे लक्षात आले. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहिते आहे, कारण आंतरराष्ट्रीय व्यवसाय या विषयात पदवीचा प्रबंध लिहायला बसलेल्या आणखी कोणाला यातले काही उपयोगी पडले, तर त्याचेही श्रेय आपलेच असेल.

मी पहिल्यांदा आपल्याकडे आले ती ‘जागतिकीकरणाचा लघुउद्योगांवर झालेला परिणाम’ असा विषय घेऊन. आपण तो नाकारला नाहीत. कोणते उद्योग, कोणता काळ आणि परिणाम म्हणजे नेमके काय मोजणार, एवढेच विचारलेत. या तिन्हींची उत्तरे शोधताना तीन आठवडे गेले आणि विषय आटत आटत एका प्रश्नावर आला: लहान निर्यातदार उद्योग आपली पहिली परदेशी बाजारपेठ कशी निवडतो? त्या वेळी मला मनातून वाईट वाटले होते. एवढ्याशा प्रश्नावर ऐंशी पाने कशी भरणार, असे वाटले होते. प्रत्यक्षात ऐंशी पाने अपुरी पडली.

सिद्धांताचे प्रकरण मी उत्साहाने लिहिले. उद्योग परदेशी बाजारपेठांत कसा शिरतो याविषयी योहानसन आणि वालने या स्वीडिश अभ्यासकांनी 1977 मध्ये मांडलेले उप्साला प्रारूप मला फार पटले होते. उद्योग आधी भाषा, चालीरीती आणि व्यवहाराच्या पद्धती ओळखीच्या वाटतील अशा, म्हणजेच ‘मानसिक अंतर’ कमी असलेल्या देशात जातो. अधूनमधून होणाऱ्या निर्यातीपासून एजंट, मग स्वतःचे विक्री कार्यालय, मग उत्पादन अशा पायऱ्या चढतो. आणि प्रत्येक पायरीवर मिळालेले ज्ञान त्याला पुढच्या पायरीचे धाडस देते. हे अंतर मोजण्यासाठी मी अभ्यासक हॉफस्टेड यांचे सांस्कृतिक निर्देशांक, म्हणजे प्रश्नावलीच्या उत्तरांवरून देशोदेशींच्या संस्कृतींना दिलेले गुण घेतले, ते दोन देशांतले सांस्कृतिक अंतर काढणाऱ्या कोगट आणि सिंग यांच्या 1988 च्या सूत्रात घातले आणि एका संध्याकाळी एक्सेलमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंतचा देखणा रकाना तयार केला. मसुदा परत आला तेव्हा त्या रकान्याशेजारी, समासात, पेन्सिलीने एकच शब्द होता: ‘कशावरून?’

मी सूत्र समजावून सांगायला आले. आपण शांतपणे म्हणालात, “सूत्र मला माहीत आहे. मूळ प्रश्नावली कोणी भरली होती, ते सांग.” मला सांगता आले नाही. ग्रंथालयात जाऊन वाचले तेव्हा कळले, की त्या निर्देशांकांचा मूळ पाया 1967 ते 1973 या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांनी दिलेल्या उत्तरांवर उभा आहे. म्हणजे मी आजच्या लहान उद्योजकाच्या मनातली परदेशाची भीती, पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका बहुराष्ट्रीय कंपनीतल्या नोकरदारांच्या उत्तरांनी मोजत होते. तो रकाना काढून टाक, असे आपण म्हणाला नाहीत. तो राहू दे, त्याची मर्यादा पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिही आणि कोणता देश जवळचा वाटला आणि का, हे उद्योजकांनाच विचार, असे सुचवलेत. माझ्या नऊ मुलाखतींचा जन्म त्या एका शब्दातून झाला.

आकडेवारीचा प्रसंग मात्र मला सविस्तर लिहिलाच पाहिजे, कारण तिथे माझी चूक अज्ञानाची नव्हती, लपवाछपवीची होती. एकाच वस्तूचे, एकाच वर्षाचे, एकाच सहा अंकी एचएस कोडखालचे (आंतरराष्ट्रीय व्यापारात वस्तूंच्या वर्गीकरणासाठी वापरला जाणारा क्रमांक) दोन आकडे माझ्यासमोर होते: एक पाठवणाऱ्या देशाने नोंदवलेली निर्यात, दुसरी घेणाऱ्या देशाने नोंदवलेली आयात. ते जुळत नव्हते. मी पुन्हा डाउनलोड केले, तरीही जुळेनात. रात्र बरीच झाली होती. मी दोन्हींची सरासरी काढली, तळटीप दिली नाही आणि पुढे गेले. आपल्याला ती सरासरी कशी खटकली, हे मला आजही कळलेले नाही. आपण दोन्ही मूळ तक्ते मागवलेत, शेजारी शेजारी ठेवलेत आणि म्हणालात, “दोन खऱ्या आकड्यांची सरासरी काढून तू एक खोटा आकडा तयार केला आहेस.” आवाज चढला नव्हता, तरी ते वाक्य मी विसरणार नाही.

त्यानंतरचा तासभर आपण मला जे शिकवलेत ते माझ्या कोणत्याही पेपरच्या अभ्यासक्रमात नव्हते. निर्यातीची नोंद सहसा एफओबी किमतीने, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या खर्चासह होते, तर आयातीची नोंद बहुतेक देशांत सीआयएफ किमतीने, म्हणजे विमा आणि वाहतूक धरून होते. त्यामुळे आयातीचा आकडा मोठा दिसणे हे स्वाभाविकच आहे. डिसेंबरमध्ये निघालेला माल जानेवारीत पोहोचला की तो दोन देशांच्या दोन वेगळ्या वर्षांत मोजला जातो. वाटेत सिंगापूर किंवा रॉटरडॅमसारख्या मोठ्या बंदरावर माल उतरून पुढे गेला, तर निर्यातदाराच्या नोंदीत ते बंदर ज्या देशात आहे त्याचेच नाव गंतव्य म्हणून लागू शकते. एचएस कोडचे पहिले सहा अंक सर्वांना समान असले तरी पुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे असतात, आणि 2012, 2017 आणि 2022 च्या आवृत्त्यांत काही कोड बदलल्यामुळे दहा वर्षांची मालिका मध्येच तुटते. ही सगळी तफावत म्हणजे आकडेवारीतला दोष आहे असे मी समजत होते. प्रत्यक्षात माल कसा प्रवास करतो याचीच ती खूण होती. तो तक्ता मी नव्याने केला, दोन्ही रकाने तसेच ठेवले आणि फरकाची कारणे खाली लिहिली. परीक्षकांनी सर्वात जास्त वेळ तेच पान पाहिले.

मधल्या काळात मी खचले होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. हे सगळे शेवटी कपाटातच पडून राहणार, असे मी एकदा बोलून गेले. त्यावर आपण अर्थतज्ज्ञ स्टीफन हायमर यांच्याविषयी सांगितलेत. कंपन्या परदेशात थेट गुंतवणूक का करतात याचे उत्तर केवळ व्याजदरांच्या फरकात सापडत नाही, हे त्यांनी 1960 च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात मांडले, आणि तो प्रबंध पुस्तकरूपाने आला 1976 मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. माझी त्यांच्याशी तुलना करण्याचा आपला हेतू नव्हता. प्रबंध कपाटात असतानाही त्यातले म्हणणे खरेच होते, एवढेच आपण सांगत होतात.

सातव्या मुलाखतीने माझी सगळी मांडणी विस्कटली. त्या उद्योजकांची पहिली निर्यात माझ्या रकान्यातल्या सर्वात दूरच्या देशात झाली होती. देश त्यांनी निवडलाच नव्हता. एका प्रदर्शनात चौकशी आली, नमुने मागवले गेले आणि पहिली ऑर्डर तिकडून आली. मी त्यांना ‘अपवाद’ या मथळ्याखाली चार ओळींत बसवले. तिथेही आपली पेन्सिल पोहोचली. या वेळी प्रश्न वेगळा होता: ‘मूळ लेखक आजही याच मतावर आहेत का?’ ते नव्हते. योहानसन आणि वालने यांनी 2009 मध्ये स्वतःच आपले प्रारूप नव्याने तपासले होते, आणि परकेपणापेक्षाही, संबंधांच्या जाळ्याबाहेर असणे ही उद्योगाची मोठी अडचण असते, असे म्हटले होते. माझा अपवाद त्यांच्या सुधारित मांडणीच्या अगदी मधोमध बसत होता. ते चार ओळींचे टिपण पुढे प्रबंधातले सर्वात मोठे प्रकरण झाले.

व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधावरील तोंडी परीक्षेच्या, आदल्या आठवड्यात आपण माझ्याकडून तीनदा सराव करून घेतलात. पहिल्या वेळी मी प्रत्येक प्रश्नाला लांबलचक उत्तर दिले. आपण फक्त एक गोष्ट सांगितलीत: जे माहितीवरून सांगता येत नाही, ते ‘सांगता येत नाही’ असे एका वाक्यात म्हण आणि का येत नाही ते दुसऱ्या वाक्यात सांग. बाह्य परीक्षकांनी नेमके तिथेच बोट ठेवले. चार स्वीडिश कंपन्यांच्या अभ्यासातून आलेली उप्साला प्रारूपातली पायऱ्यांची कल्पना आणि तुमच्या नऊ मुलाखती, यावरून सर्व लहान निर्यातदारांविषयी काय म्हणता येईल, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, “सर्वांविषयी काही म्हणता येणार नाही. या नऊ जणांच्या बाबतीत निर्णयाआधी ओळख होती का आणि ती कोणामार्फत झाली, एवढे दाखवता येते.” माझा आवाज थरथरत होता. त्यांनी मान हलवली आणि पान उलटले. आपण मागच्या खुर्चीवर बसला होतात आणि वहीत काहीतरी लिहीत होतात. माझ्याकडे पाहिले नाहीत, आणि त्याबद्दलही मी आभारी आहे, कारण पाहिले असते तर मला रडू आले असते.

मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला निष्कर्षांचा सारांश पाठवल्याशिवाय काम संपत नाही, असे आपण बजावले होते. गेल्या आठवड्यात नऊही जणांना तो पाठवला. सातव्या उद्योजकांचे उत्तर कालच आले. प्रदर्शनातली ती चौकशी अगदी अनोळखी माणसाची नव्हती, असे त्यांना आता आठवते. त्यांना यंत्रे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने त्या खरेदीदाराला त्यांचे नाव आधीच सुचवले असावे. ‘असावे’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि त्या व्यापाऱ्याशी बोलण्याची परवानगी मागितली आहे. ते उत्तर घेऊन मला आपल्याकडे यायचे आहे. आपल्याला सवड असेल तो दिवस कृपया कळवावा.

आपली विद्यार्थिनी