रोवन थंडीने मरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला थंड प्रदेशातल्या बागांवरचा लेख वाचला. लाल फळांची शोभेची झाडं कडाक्याच्या थंडीत तग धरत नाहीत, असं त्यात ठामपणे म्हटलं आहे. माझ्या खिडकीसमोर तसं एक झाड तेरा वर्षं उभं आहे. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या आसपास जातो, पण त्याचं पानही हलत नाही. अर्थात तेव्हा त्याला पानं नसतातच.

झाड रोवनचं, शास्त्रीय नाव सॉर्बस ऑक्युपेरिया. त्याला माउंटन ॲशही म्हणतात, पण ॲश नावाच्या झाडाशी त्याचं साम्य पानांच्या ठेवणीपुरतंच, एका देठावर समोरासमोर दातेरी पर्णिका. खरं गोत्र गुलाबाचं आणि सफरचंदाचं. वाटाण्याएवढं फळ उलटं करून पाहा, सफरचंदाच्या बुडाशी असतो तसाच वाळक्या फुलाचा पाच टोकांचा शिक्का दिसतो. आपल्या हिमालयाच्या पश्चिम भागातही त्याचं एक भावंड आहे, सॉर्बस काश्मिरियाना. त्याची फळं पांढरी, मोत्यांसारखी.

माझं पहिलं रोप मात्र मेलं. तेव्हा मीही थंडीलाच बोल लावला होता. वसंतात उपटून पाहिलं तर गुन्हेगार मीच निघाले. मुळं सुरू होतात तिथे बुंधा जरा पसरतो, ती जागा जमिनीच्या वर दिसायला हवी. मी ती टीचभर खोल पुरली होती, आणि "बिचाऱ्याला ऊब मिळेल" म्हणून वर पालापाचोळ्याचा ढीग बुंध्याला भिडवून ठेवला होता. मातीखालची साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी बोटाला लागून निघून आली. आत सगळं तपकिरी. झाड गारठून नव्हे, गुदमरून आणि कुजून गेलं होतं.

दुसरं रोप नीट लावलं. खड्डा खोल नाही, पसरट. मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद. आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब. तरी तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी खोडाला नैऋत्येकडून उभी चीर पडली. पुन्हा थंडीचा संशय, आणि पुन्हा खोटा. उतरत्या हिवाळ्यात दुपारचं तिरपं ऊन आणि बर्फावरून परतणारा उजेड एकाच बाजूला पडतो, गुळगुळीत कोवळी साल तापते, तिच्या पेशी झोपेतून जाग्या होतात. सूर्य मावळला की पारा धाडकन उतरतो आणि त्या जाग्या पेशी गोठून मरतात. म्हणजे घात केला तो दुपारच्या उन्हाने. उपाय सोपा: बर्फ पडायच्या आधी खोडाला पांढरी पट्टी गुंडाळायची आणि वसंतात न विसरता सोडायची. राहिली तर आत ओल धरते. सशांच्या दातांपासूनही तीच वाचवते. ती चीर भरून आली, पण तिची लांब शिवण अजून चाचपता येते.

थंडी या झाडाची वैरी नाहीच. बी पेरून पाहा. काही महिने ओलसर गारठा मिळाल्याशिवाय ते उगवायचं नाव घेत नाही. त्याला जाच होतो तो तापलेल्या, घट्ट दाबलेल्या, कोरड्या मातीचा. मूळचं डोंगरातलं झाड ते. निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन द्यावी, पहिले दोन-तीन उन्हाळे भरपूर पाणी द्यावं आणि फरसबंदीच्या कडेला लावू नये. एका रोगाला मात्र भ्यावं. शेंडे काठीच्या मुठीसारखे वाकून भाजल्यासारखे काळे पडले, तर तो फायर ब्लाइट. खाली निरोगी लाकडापर्यंत फांदी छाटायची, दर कापानंतर कात्री निर्जंतुक करायची.

फळं विषारी असतात, हे लेखातलं दुसरं विधान. अर्धसत्य आहे. कच्च्या फळात पॅरासॉर्बिक आम्ल असतं, त्याने पोट बिघडतं. मी हौसेने एक चावून पाहिलं होतं. तुरट-कडू इतकं की जीभ तासभर सुतळीसारखी. पण शिजवल्यावर त्याच आम्लाचं निरुपद्रवी सॉर्बिक आम्ल होतं. हे सॉर्बिक आम्ल 1859 मध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा वेगळं काढलं, ते रोवनच्याच फळांच्या तेलातून. आज ते जगभर खाद्यपदार्थ टिकवायला वापरतात.

आणि फळं माझ्यासाठी थोडीच आहेत? 'ऑक्युपेरिया' या नावातच पक्षी पकडणं आहे. पारधी ही फळं आमिष म्हणून वापरत. गेल्या जानेवारीत वॅक्सविंगांचा थवा उतरला. डोक्यावर तुरा, पंखांवर लाखेचे ठिपके लावल्यासारखी लाल टोकं. दीड दिवसात त्यांनी झाड लुटलं. खालच्या बर्फावर नारिंगी चोथा आणि बिया, जणू कोणी पान खाऊन थुंकलंय. आमच्या ह्यांना हळहळ वाटली, मला नाही.

शेवटी एक दुरुस्ती. लेखाबरोबर रोवन म्हणून छापलेल्या छायाचित्रात फांदीला काटे आहेत आणि पानं साधी, एकेकटी आहेत. रोवनला काटे नसतात. ते झुडूप पायराकँथाचं दिसतं, आणि त्याला कडाक्याची थंडी खरोखरच सोसत नाही. लेखकमहाशयांनी तेच लावून पाहिलं असेल तर त्यांच्या अनुभवाबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त छायाचित्राखालचं नाव बदलावं.

आपली,
एक नियमित वाचक