व्हिप विश्वासमतापुरताच असावा

महोदय,

उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी कोल्हापुरात जे चालते, ते आपल्या वार्ताहरांनी अनेकदा टिपले आहे. दुपारी तीनची मुदत जवळ येते, इच्छुक कार्यालयाच्या आवारात ताटकळत असतात आणि वरिष्ठांच्या सहीचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, घेऊन मुंबईहून गाडी निघाली की नाही, एवढीच चर्चा उरते. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना त्या कागदाबद्दल कोणी विचारलेले नसते. निवडून आल्यावर मान कोणापुढे तुकवायची हे तिथेच ठरते. पुढच्या पाच वर्षांचा बंदोबस्त राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, करते.

हे परिशिष्ट १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आले. १९६७ साली हरियाणात गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलल्यापासून आयाराम-गयारामांनी जो धुमाकूळ घातला होता, तो पाहता अशा कायद्याची गरज होती, याबद्दल वाद नाही. मात्र त्यातील तरतूद सरकार पडण्या-टिकण्यापुरती मर्यादित नाही. सभागृहातील कोणत्याही मतदानात, पूर्वपरवानगीशिवाय, पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत दिले किंवा गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व धोक्यात येते. नागपूर ते गोवा या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाला आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा किती विरोध आहे, हे येथे नव्याने सांगायला नको. त्यासाठीची एखादी पुरवणी मागणी उद्या मतदानाला आली आणि पक्षाने व्हिप काढला, तर गावच्या सभेत शेतकऱ्यांच्या बाजूने बोललेल्या आमदाराला सभागृहात त्यांच्या बाजूने हात वर करण्यासाठी आमदारकी पणाला लावावी लागेल.

याउलट घाऊक पक्षांतराची सोय कायद्यातच आहे. विधिमंडळ पक्षाच्या, म्हणजे सभागृहातील पक्षाच्या गटाच्या, दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिली, की त्यांना अपात्रता लागू होत नाही. आपल्या राज्यात शिवसेनेच्या २०२२ च्या फुटीनंतर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय यायला दीड वर्ष लागले आणि त्यात अपात्र कोणीच ठरले नाही. म्हणजे एकट्याने प्रामाणिकपणे विरोधी मत देणारा अडकतो, टोळीने जाणारे सुटतात. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारा सदस्य, नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे स्पष्ट केले. त्या वादापुरते ते योग्य असेलही. पण आमदारांनी काय करावे हे सांगणारी सूत्रे त्यामुळे सभागृहाबाहेरच्या नेतृत्वाकडे अधिकच पक्की झाली.

संसदीय पद्धत आपण ज्यांच्याकडून घेतली, त्या ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या एकवीस खासदारांनी ब्रेक्झिटच्या प्रश्नावर स्वतःच्याच सरकारविरुद्ध मतदान केले. पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढले, परंतु त्यांची खासदारकी त्यामुळे गेली नाही. शिस्तीची शिक्षा पक्षाने द्यावी, मतदारांनी दिलेली जागा मात्र काढून घेऊ नये, हा फरक तिथे पाळला जातो.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने व्हिपमुळे येणारी अपात्रता विश्वास आणि अविश्वास ठरावांपुरती ठेवण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात हे परिशिष्ट वैध ठरवणाऱ्या न्यायमूर्तींनीही, विश्वासमत आणि पक्षाच्या मूलभूत धोरणाचे किंवा कार्यक्रमाचे विषय सोडून इतरत्र ही तरतूद ताणू नये, असेच सुचवले. तीन दशके उलटली तरी दुरुस्ती होत नाही, कारण तिच्यामुळे ज्यांचे अधिकार कमी होणार आहेत तेच ती करणार आहेत. अन्य बाबतींत एकमेकांवर तुटून पडणारे सत्ताधारी आणि विरोधक येथे तोंडातून ब्र काढत नाहीत.

अर्थसंकल्प नामंजूर झाल्यास सरकार टिकत नाही, म्हणून विश्वासमताच्या जोडीला तेवढा एक अपवाद ठेवता येईल. बाकी विधेयकांवर आणि मागण्यांवर सदस्यांना मोकळे मतदान करू द्यावे. कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, याविषयी अशासकीय विधेयक मांडावे आणि जिल्ह्यातील दहाही आमदारांनी त्याला पाठिंबा आहे की नाही, हे आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

— एक मतदार, कळंबा, कोल्हापूर