नेटवर्क गेलं नव्हतं, बाबा

लेस्टर, रविवार संध्याकाळ

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर डायलिसिसचे सोबती काका अचानक गेल्याचं सांगून तुम्ही विचारलंत, "माझ्याही हृदयाला त्यांच्यासारखे वण असतील का गं?" आणि मी "हॅलो, हॅलो" करत फोन ठेवला. नेटवर्क ठणठणीत होतं. रोज लोकांच्या हृदयाचे एमआरआय काढते मी, पण बापाला उत्तर देताना तोंड उघडेना. म्हणून हे पत्र. आई वाचून दाखवेल, तुमच्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली असणार.

शेजारच्या बेडवरच्या काकांचं ऐकून मीही हादरले. तीन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांच्या शेजारी डायलिसिसच्या मशीनवर. शुक्रवारी हसतखेळत घरी गेले आणि रविवारी रात्री झोपेतच संपलं. अँजिओग्राफी चांगली आली होती म्हणे. नळ्या मोकळ्या असताना हृदय बंद कसं पडतं, हेच तुम्हाला पडलेलं कोडं.

तुम्ही तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत, तुम्हाला हे पटकन कळेल. नळ्या मोकळ्या म्हणजे डिझेलची लाइन साफ. पण वायरिंग? हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेचा एक झटका असतो, आणि तो स्नायूच्या पेशींतून सरळ पुढे जावा लागतो. किडनीच्या आजारात, वर्षानुवर्षांचं बीपी आणि अंगात साठणारं पाणी सोसून, या पेशींच्या मधे चिवट धागे तयार होतात. त्यालाच फायब्रोसिस म्हणतात. हार्ट ॲटॅकचा वण एका जागी असतो, हा सगळीकडे बारीक पसरतो. मग वीज वळसे घेत जाते, कधी स्वतःभोवतीच फिरत राहते आणि लय तुटते. डायलिसिसवरची कितीतरी माणसं अशी अचानक जातात.

तुमच्या टू-डी इकोच्या रिपोर्टवर भिंत जाड झाल्याचं लिहिलंय. इकोला जाडी दिसते. ती जाडी स्नायूची की धाग्यांची, हे इकोला नीट सांगता येत नाही. ते काम एमआरआयचं.

आता तुम्ही मला पाठवलेला तो व्हॉट्सॲपचा मेसेज, 'डायलिसिसवाल्यांनी एमआरआय करू नये, डाय विषारी असतो.' तो अर्धा खरा आहे. वण बघायला हा डाय, म्हणजे गॅडोलिनियम नावाचा धातू असलेलं औषध, शिरेतून देतात. चांगली किडनी त्यातलं अर्धं दीड-दोन तासांत बाहेर टाकते. तुमच्यासारख्यांच्या अंगात ते दिवसाच्या वर रेंगाळतं. १९९७ पासून अमेरिकेत काही किडनीच्या रुग्णांची कातडी लाकडासारखी कडक होऊ लागली, सांधे आखडले. कारण कळेना. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरांनी बोट ठेवलं ते गॅडोलिनियमवर. त्यानंतर जुनी औषधं मागे पडली. नव्या औषधांत तो धातू पिंजऱ्यात कोंडल्यासारखा घट्ट असतो आणि धोका फारच कमी आहे. तरी डॉक्टर अजून हात राखूनच वापरतात.

आणि डायशिवायही बघता येतं! लोहचुंबकाच्या आत शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू एका दिशेला लागतात. आम्ही त्यांना धक्का देतो आणि परत जागेवर यायला किती वेळ लागतो ते मोजतो. त्या वेळेला टी-वन म्हणतात. आमच्याकडे ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मशीनवर निरोगी हृदयाचा आकडा १२०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. धागे वाढले की आकडा वाढतो. पेशंटने फक्त अकरा ठोके श्वास धरायचा, टोचाटोची नाही. मशीनगणिक आकडा बदलतो, त्यामुळे एकीकडचा रिपोर्ट दुसरीकडे नेऊन ताडता येत नाही. लेस्टर आणि ग्लासगो इथल्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की डायलिसिसवाल्यांचा हा आकडा निरोगी माणसांपेक्षा जास्त असतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, बाबा: थोडेफार वण असणार. सहा वर्षं डायलिसिस आणि त्याआधी वीस वर्षं बीपी, नसतील असं मी म्हणाले तर खोटं बोलेन.

दादा म्हणतोय की पुण्याला नेऊन हा एमआरआय करून टाकू, पैसे मी भरतो. माझं मत, आत्ता नको. एक तर पाण्यानेही टी-वन वाढतो. सोमवारी सकाळी, दोन दिवसांचं पाणी अंगात असताना स्कॅन केला तर वण किती आणि पाणी किती हे कोण सांगणार? दुसरं म्हणजे आकडा वाढलेला आला तरी पुढे काय? ते धागे विरघळवणारं औषध अजून नाही. स्पायरोनोलॅक्टोन या हृदयाच्या जुन्या औषधावर बरीच आशा होती. सुमारे अडीच हजार डायलिसिस पेशंटवर तपासलं, २०२५ मध्ये निकाल आला. त्याने मृत्यूही कमी झाले नाहीत आणि हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होणंही नाही. उद्या ट्रान्सप्लांटचं ठरलं किंवा डॉक्टरांना दुसऱ्या कशाची शंका आली, तर ते स्वतःच एमआरआय सांगतील. तेव्हा मी सुट्टी काढून येईन.

मला खरी काळजी वेगळीच आहे. सिस्टरांनी आईला सांगितलं, आईने मला. पोटरीत गोळे आले की तुम्ही अर्धा तास आधी मशीन बंद करायला लावता. पाणी भराभर ओढलं की हृदयाचे काही भाग तेवढ्यापुरते बधिर होतात. हे पुन्हा पुन्हा झालं की ते भाग कायमचे दुबळे पडतात.

तुम्हाला हिशेब आवडतो, म्हणून करून दाखवते. तुमचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ६० किलो. गेल्या सोमवारी तुम्ही ६३.८ वर गेलात. म्हणजे ३८०० मिली. चार तासांत काढलं तर किलोमागे तासाला जवळजवळ १६ मिली. साडेतीन तासांत काढलं तर १८. मोठ्या अभ्यासांत १३ च्या वर गेलेल्यांमध्ये मृत्यू जास्त दिसले आहेत. आता समजा तुम्ही ६२.८ वर गेलात आणि पूर्ण चार तास बसलात, तर आकडा १२ लाही टेकत नाही. गोळेही कमी येतील. एवढ्यासाठी पुण्याला जायला नको.

आई, हे तुझ्यासाठी. आठ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा, एक लिटर पाणी अंगात धरून ठेवतं. शनिवार-रविवारी डायलिसिस नसतं आणि नेमका तेव्हाच भडंगाचा डबा बाहेर निघतो. सांगलीत राहून भडंग बंद करा म्हणणं म्हणजे पाप, मला मान्य आहे. पण घरी बिनमिठाचं करून तरी बघ, लसूण-मिरची सढळ घाल. अमेरिकेत ३२,००० डायलिसिस पेशंटचा हिशेब मांडला तेव्हाही या दोन दिवसांच्या खंडानंतरच सर्वांत जास्त माणसं गेल्याचं दिसलं. काका रविवारीच गेले ना.

एक गंमत सांगते. इथे लेस्टरमध्ये डायलिसिसच्या १३० पेशंटवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना मशीन चालू असतानाच पडल्या पडल्या पेडल मारायला लावले, अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, सहा महिने. नंतर एमआरआय केला, तर बाकीच्यांच्या तुलनेत हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वजन सरासरी ११ ग्रॅमने उतरलेलं, आणि टी-वनही खाली. २०२१ मध्ये छापून आलं. पेडल मारून वण पुसले असं मी म्हणत नाही, तिथेही पाण्याचा घोळ असू शकतो. पण तुम्ही तर डेपोत सायकलवर जायचात, टिफिन हँडलला. तुमच्या डॉक्टरांना विचारा. परस्पर मात्र काही सुरू करू नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

आई, कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या बाजूला बाबांचं वजन लिहीत जा. जाण्याआधीचं, आल्यानंतरचं, आणि किती तास बसले ते. महिना संपला की पानाचा फोटो मला पाठव. साडेतीन लिहिलेलं दिसलं तर मी बाबांना फोन करणार, आणि तेव्हा नेटवर्क जाणार नाही.

तुमची,
छकुली